टाचेसाठी कॉर्क

डॉक्टरांनी माझी टाच दाबून पाहिली आणि स्पष्ट सांगितलं, "उभं राहणं कमी करा. बसून कामं करा." इतकं साधं बोलणं. नवऱ्याच्या डोक्यात त्याचं काय झालं देव जाणे, रात्री जेवताना त्याने जाहीर केलं, "स्वयंपाकघराची फरशी बदलायची. मऊ काहीतरी घालू."

"अरे, मला बसायला सांगितलंय," मी म्हटलं.

"फरशी कडक, म्हणून तर टाच दुखते ना!"

लेकीने लगेच मोबाइलवर शोधून काढलं. कॉर्क. सासूबाई म्हणाल्या, "अगंबाई, बाटलीच्या बुचावर चालायचं?" पण त्यांनाही पटलं. तिघांचा उत्साह नुसता उतू चालला होता आणि तो माझ्याचसाठी होता, त्यामुळे मला तोंड उघडायची सोय उरली नाही.

खरं तर माझा इलाज मी केव्हाच आणला होता. डॉक्टरांकडून येताना जुन्या बाजारातून एक उंच लोखंडी स्टूल उचललं होतं. ओट्याला अगदी बरोबर पुरायचं. त्यावर बसून कांदा चिरला त्या दिवशी कांद्याने की दुसऱ्या कशाने कोण जाणे, पण डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं हे का सुचलं नाही, म्हणून स्वतःचाच राग आला.

दुकानात दुकानदाराने विचारलं, "स्वयंपाकघरात जास्त कोण उभं असतं?"

तिघांनी एकदम माझ्याकडे बोट केलं.

"किती वेळ?"

"दिवसभर!" नवरा म्हणाला, आणि तेही कौतुकाने.

दुकानदाराने कॉर्कचा तुकडा खाली ठेवला. मी चपला काढून उभी राहिले. उबदार होतं, किंचित दबत होतं. मेलं खरंच छान वाटलं, आणि तिथेच मी अडकले. तिघं माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. नाही म्हणायला काही निमित्तच राहिलं नाही.

मग रंगावरून जुंपली. नवऱ्याला फिकट हवा, सासूबाईंना गडद. शेवटी नवरा म्हणाला, "तूच सांग बाई. शेवटी तुझी जागा आहे ती."

तुझी जागा! "गडद," मी कसंबसं म्हटलं.

कारागिराने खोकी आणली, उघडली आणि तशीच स्वयंपाकघरात ठेवून निघाला. म्हणाला, "आधी याला खोलीची हवा मानवू द्यायची. घाईने बसवलं की नंतर फुगतं." सगळ्यांनी समजूतदारपणे माना डोलावल्या. खोक्यांभोवती हळू चाल, म्हणून लेक मलाच बजावत होती. मी लग्न होऊन आले तेव्हा दुसऱ्याच सकाळी ओट्याशी उभी होते. मला कोणी मानवू दिलं होतं?

जमीन झाली. दिसत होती सुरेखच. जाताना कारागीर म्हणाला, "जड, टोकदार पायांचं काही ठेवू नका, खड्डे पडतील. ठेवायचंच असेल तर पायांखाली जाड कापड लावा."

दुसरं वाक्य कोणाच्या कानात शिरलंच नाही. नवऱ्याने माझं स्टूल उचललं आणि थेट गॅलरीत नेऊन ठेवलं. सासूबाईंनी त्यावर कुंडी ठेवली. लेक माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "आई, आता तू कितीही वेळ उभी राहू शकतेस!"

चार दिवस मी उभी राहिले. पाचव्या दिवशी टाचेतून अशी कळ निघाली की हातातली सुरी सुटली. माझं डोकंच फिरलं. गॅलरीत गेले, कुंडी खाली ठेवली, स्टूल आणून कॉर्कवर आदळलं आणि त्या स्टुलावर बसले. कुंडीची एवढी माती अंगाला लावून घेत कशी बसलीस, असं सासूबाई विचारत राहिल्या.

तेवढ्यात नवरा आला. "अगं, हे काय! खड्डे पडतील!"

"पडू देत. माझी टाच दुखतेय."

तो खरंच गुडघ्यांवर बसला. चष्मा कपाळावर सरकवून, गाल जमिनीला टेकेपर्यंत वाकला आणि स्टुलाच्या पायाभोवती अलगद बोट फिरवू लागला. माझं पाऊल त्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर होतं.

"फार नाही गेलेलं आत," तो म्हणाला. "दाब काढला की येईल वर. ऊठ बघू जरा."

आणि मी, मेली, सवयीने उठले.