बंद केलाच

आमच्या बाबांनी आयुष्यात इंग्रजीचा एकच शब्द आत्मविश्वासाने लिहिला आणि त्यात फिटरकाकांचा हात कोपरापर्यंत भाजला.

बाबा एका मोठ्या लाँड्रीत वाफेचे व्हॉल्व्ह सांभाळतात. हॉटेलांच्या चादरी, हॉस्पिटलचे गाऊन, सगळं तिथे वाफेवर इस्त्री होतं. नव्या मॅनेजरांना आपली भाषा येत नाही, म्हणून कामाच्या ग्रुपवर इंग्रजीतच लिहायचं असा नियम निघाला. गुरुवारी फिटरकाकांनी ग्रुपवर विचारलं, ‘व्हॉल्व्ह क्लोज?’ बाबा चहा संपवत होते. त्यांना म्हणायचं होतं, ‘बंद केलाच!’ म्हणजे आपण ‘आलोच’ म्हणतो आणि अजून चपला शोधत असतो, तसं. त्यांनी लिहिलं, ‘क्लोज्ड.’ मग कप विसळून ते वीस पावलं चालत व्हॉल्व्हपाशी पोचले, तोवर काकांनी पाइप खोललासुद्धा होता.

तोंडी विचारलं असतं तर काका थांबले असते. पंधरा वर्षं ते बाबांच्या ‘केलाच’ला थांबत आले होते.

चौकशी सोमवारी होती. दुभाषी म्हणून घरातलं माणूस चालेल, असं कळवलं होतं. घरात इंग्रजी येणारी मी एकटी, म्हणजे दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा सुटलेली. रविवारी दुपारी मी बाबांना काळ शिकवायला बसले.

"क्लोज्ड म्हणजे केला, विषय संपला. वॉज क्लोजिंग म्हणजे करत होतो. हॅड क्लोज्ड म्हणजे त्याच्याही आधी करून ठेवला होता."

"कशाच्या आधी?"

"काकांनी पाइप खोलायच्या आधी."

आई मटार सोलायची थांबली. "मग तोच घ्या ना. हॅडवाला."

"अगं, पण मी केला नव्हता."

"कुणी पाहिलंय? हॅड म्हटलं की नोकरी राहते."

"आणि फिटरने आतली वाफ जायची वाट न बघता पाइप खोलला असं होतं. हात त्याचा भाजला, वर चूकही त्याचीच?"

"आणि तुम्ही घरी बसलात की आम्ही काय करायचं?"

याचं उत्तर कुठल्याच काळात नव्हतं. बाबांनी माझी काळांची वही पुढे ओढली. "या लोकांना एवढे काळ लागतात कशाला? घड्याळं नव्हती का यांच्याकडे?" मग हळूच म्हणाले, "करणार होतो पण राहिलं, असा एखादा आहे का?"

"आहे. वॉज गोइंग टू क्लोज."

"गोइंग म्हणजे जात होतो ना?"

"यात कुणी कुठे जात नाही. नुसतं गोइंग."

"बरोबर," बाबा म्हणाले. "चहाच पीत होतो."

आई मटारांसकट आत निघून गेली.

सोमवारी मॅनेजरांनी वही उघडली आणि विचारलं, काकांना उत्तर पाठवलं तेव्हा व्हॉल्व्ह बंद होता का? मी बाबांना आपल्या भाषेत सांगितलं.

"सांग, करणार होतो," बाबा म्हणाले.

मॅनेजर माझ्याकडे बघत होते. खोलीत दोन्ही भाषा येणारी मी एकटीच होते. असा अधिकार माणसाच्या हातात देऊ नये.

"ही हॅड," मी म्हणाले आणि अडकले. मॅनेजरांनी तेवढं लिहूनही घेतलं.

बाबांना बाकी इंग्रजी येत नव्हतं, पण हॅड कालपासून पक्कं झालं होतं. त्यांनी टेबलावर हात आपटला. "हॅड नाही! नो हॅड! आय वॉज गोइंग टू क्लोज!"

मॅनेजरांनी हॅड खोडलं. बाबांचं वाक्य पूर्ण उतरवून घेतलं, ‘व्हेरी गुड इंग्लिश’ म्हणाले आणि बॉयलरच्या खोलीच्या किल्ल्या मागितल्या.

बाहेर जिन्यात बाबा म्हणाले, "चुकलीस की मुद्दाम?"

"मुद्दाम."

"हं." दोन पायऱ्या गेल्या. "फिटरचं काय म्हणाले?"

"त्यांच्या हाताचं सगळं कंपनी करणार."

"आणि मला परत कधी बोलावणार?"

"वी विल सी म्हणाले."

"हा कुठला काळ?"

"भविष्यकाळ."

"म्हणजे होणार ना?"

"व्याकरणात होतं, बाबा."