शेजारच्या सीटचे पैसे

एकतीस वर्षं मी बसमध्ये कंडक्टर होतो. नवरा पुढे, बायको मागे, पोर भलत्याच्याच मांडीवर, असली कुटुंबं मी रोज जुळवून बसवली. "सरका हो जरा, म्हातारं माणूस आहे," एवढं म्हटलं की लोक सरकतात. तोंडं वाकडी करतात, पण सरकतात. त्यामुळे मोबाइलवर विमानाची तिकिटं काढताना मुलीने विचारलं, "बाबा, शेजारी-शेजारी बसायचे वेगळे पैसे आहेत, भरू का?" तेव्हा मी तिलाच झापलं. तिकीट काढलं की बूड टेकायला जागा आलीच. शेजारचं मी आत गेल्यावर बघतो, म्हटलं.

बायकोचं ऑपरेशन होतं, म्हणून आईला महिनाभर बहिणीकडे ठेवायचं होतं. आईचं डोकं दोन वर्षांपासून विस्कटत चाललेलं. सुनेला ती नर्स समजायची आणि नातीला शेजाऱ्यांची पोर. ओळखायची ती फक्त मला. डॉक्टरांनी बजावलं होतं, नव्या जागी तिला एकटं सोडू नका, घाबरली तर उरलंसुरलंही जाईल. रेल्वेचे दोन दिवस तिला झेपले नसते.

विमानतळावर एक बाई बॅगेचं वजन भरू नये म्हणून तीन स्वेटर अंगात चढवून घामाघूम उभी होती. बोर्डिंग पास छापून द्यायचेही पैसे म्हटल्यावर आमच्या पुढचे गृहस्थ म्हणाले, "जिना चढायचे किती?" आम्ही सगळे हसलो. लगेजची तिकिटं मीही जन्मभर फाडली होती, त्यामुळे मला त्यात मजाच वाटत होती.

आत आईची सीट चौथ्या रांगेत निघाली, माझी सत्ताविसाव्या. तिच्या शेजारी एक तरुण बसला होता. मी त्याला माझं नेहमीचं वाक्य ऐकवलं.

"काका, मी या सीटचे जादा पैसे भरलेत," तो म्हणाला. "तुम्ही का नाही भरले?"

मी हवाईसुंदरीला गाठलं. पहिल्या रांगेत दोन सीट रिकाम्या होत्या, पण त्या पैसे भरून मिळणार होत्या. मी खिशातून नोटा काढल्या.

"सॉरी सर, फक्त कार्ड."

कार्ड माझ्याकडे नव्हतंच. मग मी बसमध्ये लावायचो तसा आवाज लावला. "कुणी कार्डाने भरता का? मी रोख देतो." लोक मोबाइलमध्ये बघू लागले. मागून कुणीतरी ओरडलं, "बसा हो काका, तुमच्यापायी उशीर होतोय." दरवाजा बंद झाला होता. मला बसावंच लागलं.

"मागेच आहे गं मी," आईला म्हटलं.

"लवकर ये रे," ती म्हणाली.

विमान वर चढत असतानाच तिच्या हाका सुरू झाल्या. "कुठे गेलास रे?" मी उठलो की मला परत बसवत. विमान हादरत होतं, पट्टा सोडायची परवानगी नव्हती. अर्धा तास ती हाका मारत होती आणि मी सत्ताविसाव्या रांगेतून ओ देत होतो. माझी ओ तिच्यापर्यंत पोचत नव्हती. मग हाका थांबल्या. झोप लागली असेल म्हणून मी सुटकेचा श्वास टाकला, याची मला आजही लाज वाटते.

उतरल्यावर गर्दीतून मी पुढे पोचलो. आईने त्या तरुणाचा हात दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. त्याचा चेहरा पडलेला.

"काका, फार रडत होत्या हो," तो हळूच म्हणाला. "गप्पच होईनात. शेवटी मीच त्यांना म्हटलं, आई, मी इथेच आहे."

"आई, चल," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. "अहो, थांबा की जरा. आम्हाला उतरू द्या."

त्याचा हात सोडवायचा मी एकदा प्रयत्न केला, तर ती किंचाळली. मग तोच तिला धरून चालू लागला आणि मी तिची बॅग घेऊन मागून. बाहेरच्या दाराशी ती थांबली, त्याच्या कानाशी लागली. तिला वाटलं, मला ऐकू येत नाही.

"त्या बॅगवाल्यांचे काय होतील ते देऊन टाक," ती म्हणाली. "बिचारे केव्हाचे मागे येताहेत."