पाऊण तास

गवत कापताना पूनमच्या उजव्या हाताला घोणस चावली. सकाळचे नऊ वाजले होते. पूनम गावची आशा सेविका. साप चावल्यावर काय करायचं, हे आठ वर्षं लोकांना शिकवत आलेली. ती पळाली नाही. जागेवर बसून तिनं नवऱ्याला हाक मारली, हात सुजायच्या आत बांगड्या उतरवल्या.

"अहो, फळी लावून हात गळ्यात अडकवा. गच्च आवळू नका. शिरूरला न्या."

चांगदेवनं सगळं बिनचूक केलं. करणारच. तिच्या प्रत्येक कार्यक्रमात साप चावलेला माणूस तोच व्हायचा, आणि शेवटी "भगताकडं न्हाई, दवाखान्यात," असं लोकांना ठासून सांगायचा.

फाट्यावर शिरूरचा रस्ता उजवीकडं होता. गाडी डावीकडं वळली.

"कुठं चाललाय?"

"देवळात. भगताला फोन केलाय. पाच मिनिटांत इष उतरवतो."

"तुम्हीच सांगत होता की लोकांना."

"ते लोकांना सांगायचं असतं, पूनम. तू घरचं माणूस हायस."

देवळाच्या ओट्यावर भगतानं दंड आवळायला दोरी काढली. पूनमनं ती झिडकारली, काढा तोंडाला लावू दिला नाही. तेव्हा चांगदेवनं तिचे खांदे मागून दाबून धरले. त्या हातांची तिला लग्नानंतर पहिल्यांदाच भीती वाटली.

भगताचं पुटपुटणं संपेना. तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. चांगदेवची पकड सैल झाली, तसा तिनं डाव्या हातानं अयुबभाईला फोन लावला. बाळंतिणींना नेताना त्याचीच जीप असायची. तो आणि त्याची बायको चांदबी दोघं आले. त्यांनी तिला एक पाऊलही चालू दिलं नाही. उचलून मागच्या सीटवर आडवं केलं. चांगदेव पुढं बसला.

"चावल्यापासून किती वेळ गेला?" शिरूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं.

"लगेच आणलं," चांगदेव म्हणाला.

पूनमनं डोळे उघडले. "न्हाई. दीड तास झाला. त्यातला पाऊण तास ह्यांनी देवळात घालवला."

डॉक्टरांनी तसंच लिहिलं आणि सलाईनमधून औषध सुरू केलं.

ती वाचली. दोन बोटं मात्र आखडली ती आखडलीच. दहाव्या दिवशी चांगदेव न्यायला आला. चुकलं म्हणाला, रडलाही.

"तुमचं ऐकून दोन-चार माणसं तरी दवाखान्यात गेली असतील," पूनम म्हणाली. "मीबी तुमचं बोलणं खरं मानलं होतं."

यवतहून तिचा भाऊ आला होता. ती त्याच्या गाडीत बसली. किती दिवस राहणार, असं चांगदेवनं काचेतून विचारलं. तिला खरंच माहीत नव्हतं.