दुसरी खुंटी

स्टुलावर चढून कुलाशनं खुंटीला टांगलेली रोटी खाली घेतली. वरचं फडकं झटकलं आणि रोटी पुन्हा जागच्या जागी अडकवली. तेवढ्यात दाराशी जीप थांबली. उतरणाऱ्याला तिनं खिडकीतूनच ओळखलं आणि तिचा हात फडक्यावरच राहिला.

तालगात होता तो. तिच्या लेकाबरोबर, मेइरमबरोबर, याच घरातून कामाला निघालेला.

दोघं रॉकेटच्या कंपनीत लागले होते, पार सिर नदीपलीकडच्या तळावर. लांबच्या वाटेला निघणाऱ्यानं रोटीचा एक घास दातांनी तोडायचा, उरलेली घरच्यांनी जपायची आणि परतून त्यानंच ती संपवायची, ही गावाची रीत. त्या सकाळी पीठ मळायचा कुलाशनं कंटाळा केला. घरात एकच रोटी होती. दोघांनी हसत हसत दोन अंगांनी तिलाच दात लावले. सासू असती तर ओरडली असती, बाई गं, एका रोटीवर दोघांच्या वाटा बांधतेस?

पुढं इंधन भरता भरता तळ पेटला. तालगात वाचला. मेइरमची बंद पेटी आली; ती उघडू नका, म्हणाले.

"आपा, येऊ का?" तालगात दारातच घुटमळला.

"ये की. उंबऱ्यावर उभा राहू नकोस. दोन वर्षं वाट सापडत नव्हती वाटतं?"

तो मान खाली घालून बसला. कुलाशनं त्याच्यापुढं चहाची वाटी ठेवली, काठोकाठ भरलेली. इकडं पाहुण्याला वाटी अर्धीच देतात, म्हणजे तो पुन्हा मागतो, बसतो. भरलेल्या वाटीचा अर्थ एकच: प्या आणि निघा.

"आई, अगं वाटी बघ किती भरलीस!" चुलीजवळून झानार म्हणाली. मेइरमची धाकटी बहीण.

"बघूनच भरलीय."

तालगातनं वाटीला हात लावला नाही. "गावातली वडीलधारी माणसं म्हणाली, गावाचं पठार कंपनीला द्यायचं की नाही ते कुलाशआपा ठरवील. तिचा लेक गेलाय, तिचा शब्द तो आमचा. जुना तळ पुन्हा उभा राहतोय, आपा, पण कंपनीला जोडीला इथं पठारावर दुसरा तळ हवाय. एक गेला तर दुसरा असावा म्हणून."

"एक गेला तर दुसरा." कुलाशनं मान डोलावली. "शहाणी झाली रे तुमची कंपनी. मला मेलीला वेळेवर सुचलं नाही."

धुराड्यात वारा घुमला.

मग झानारनं हात पुसले. "इथं झाला तर मी तिथं लागेन. मेंढ्या आत घ्यायच्या वेळेला रोज घरी."

"सुट्टीला येतो म्हणून तोही सांगून गेला होता."

"आणि नको म्हणालीस तर नदीपलीकडं जाईन. तिथून बोलावणं आलंय. शिकून काय मेंढ्यांना हिशेब शिकवू?"

कुलाश उठली. खुंटीवरची रोटी काढून तिनं तालगातपुढं ठेवली आणि गाठ सोडली. रोटी दगडासारखी झाली होती. दोन्ही अंगांना दातांच्या खुणा होत्या, जशाच्या तशा.

"तुझं अंग खा. परत आलायस ना?"

तालगातनं रोटी थोडी मागं सारली. "कुठं परत आलोय, आपा? डोळा लागला की तो कानात बोलतो. रॉकेटच्या मनोऱ्यावरून रेडिओवर शेवटचं बोलला होता ते. 'तालग्या, चहा ठेव, उतरतोच आहे मी.'"

"चहा म्हणाला?"

"चहाच म्हणाला."

कुलाशनं जिवाचा कान करून ऐकलं. मग तिनं ती भरलेली वाटी उचलून ओतून टाकली. नवा चहा घातला, अर्धी वाटी. दुसरी अर्धी वाटी दाराकडच्या रिकाम्या जागेपुढं ठेवली.

रोटीचं आपलं अंग तालगातनं चहात बुडवून सावकाश खाल्लं. मेइरमचं अंग तिनं पुन्हा फडक्यात बांधून खुंटीला लावलं.

"झानार, याला पठार दाखवून आण. खालच्या झऱ्याच्या वाटेनं जा."

"म्हणजे हो?"

"दाखव म्हटलं ना."

दोघं अंगणात गेली. कुलाशनं टोपलीतून सकाळची ताजी रोटी उचलली आणि लगबगीनं मागं गेली.

"थांब गं. चाव."

"अगं आई, पठारापर्यंत तर जातेय! समोर दिसतंय ते!"

"चाव म्हणते ना."

झानार हसली, पण आईच्या चेहऱ्याकडं पाहून गप्प झाली. तिनं एक घास तोडला. तालगात उगाच जीपच्या चाकाकडं पाहत राहिला.

दोघं उतारावर दिसेनाशी झाली तेव्हा कुलाश घरात आली. फळीवरून तिनं हातोडी घेतली, एक खिळा घेतला आणि जुन्या खुंटीपासून चांगलं हातभर अंतर सोडून भिंतीवर धरला.

पहिल्याच ठोक्याला शेजारच्या खुंटीवरची रोटी हलली.