दोनदा खर्र

टक्. थोड्या वेळानं पुन्हा टक्.

सकाळी घर गप्प होतं म्हणून ओट्याशी मला तो आवाज आला. वळून पाहिलं, तर माझी लेक इफ्फत चार्जरवरचा माझा वॉकीटॉकी हाताळत होती.

"ठेव ते, बाळा."

तिनं शहाण्यासारखा ठेवला. मी तिच्या कपाळाचा मुका घेतला, तिला सासूबाईंच्या हवाली केलं आणि सेट उचलून ड्युटीवर निघाले.

मी मालगाडीची गार्ड. माझा सेट नवा, डिजिटल. इंजिनात ड्रायव्हर हिंदुरावमामांकडं अजून जुनाच. नवा जुन्याशी बोलतो, पण त्याचं वरचं फिरतं बटण ठरलेल्या खाचेवर हवं. एक-दोन खाचा सरकलं की त्यांचं मला नीट ऐकू येतं, माझं मात्र तिकडं नुसतं खर्र होऊन पोचतं. हे मला शिकवलेलं होतं. त्या सकाळी मी बटणाकडं बघितलं नाही.

बारामतीच्या मालधक्क्यावर खताच्या वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, मागं ढकलायच्या होत्या. अशा वेळी माझा डबा सगळ्यात पुढं आणि इंजिन पार शेवटी. मामांचे डोळे म्हणजे मीच.

"समिनाताई, येतंय का ऐकू?"

"येतंय मामा." बाजूचं बटण सोडून पुन्हा दाबलं. "या सावकाश."

गाडी हलली. वळण सरलं आणि रुळांच्या मधोमध धक्क्याशेजारी राहणाऱ्या बानूबाई दिसल्या. शेळ्यांसाठी गवत कापत बसलेल्या, पाठ माझ्याकडं. कानांनी त्यांना कमीच ऐकू येतं.

"थांबा मामा! माणूस हाय!"

गाडी चालतच होती.

"थांबा!"

"बरं बरं, येतोय," मामांचा निवांत आवाज. "उतरल्यावर च्या पाजा मातर."

झेंडी दाखवून उपयोग नव्हता, मधे वळण. मी ब्रेकचा दांडा सगळ्या अंगानं ओढला. हवा फुस्सकन सुटली, वाघिणी एकमेकींवर आदळल्या, मी भिंतीवर. गाडी थांबली तेव्हा बानूबाईंची पाठ हातभर लांब होती.

रूळ हादरल्यावर त्या वळल्या. "आगं बया! हाक मारायची न्हाय व्हय?"

मामा धापा टाकत आले.

"आवं, दांडा का वढला? तुमीच दोनदा खर्र केलं की!"

खरंच होतं. बोलायचा कंटाळा आला की आम्ही बाजूचं बटण नुसतं दोनदा दाबतो. खर्र, खर्र. म्हणजे ठीक आहे, चालू द्या. माझं दोनदा ओरडलेलं 'थांबा' त्यांना 'चला' म्हणून पोचलं होतं.

मामांनी माझा सेट हातात घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला. "बटण कुणी सरकवलं ह्ये?"

"मीच. चुकून."

"लिहून द्यावं लागंल, ताई."

दिलं लिहून.

घरी आल्याबरोबर सेट कपाटावर ठेवला, अगदी मागं. इफ्फत माझ्या सोललेल्या कोपरावर फुंकर घालायला लागली.

"कसं लागलं?"

"गाडी एकदम थांबली."

"का?"

"सेटचं बटण फिरलेलं होतं. मामांना माझं ऐकूच गेलं नाही."

तिनं अजून एक फुंकर घातली. मग मान वर केली.

"कुणी फिरवलं, अम्मी?"