मेथी कालची आहे

“श्यामचा आवाज आता कोनाचा?” श्यामच्या तेरवीच्या दिवशी, पंगत बसली असताना त्याच्या धाकट्या भावानं, नितेशनं सगळ्यांना विचारलं. कोणी बुंदीकडे पाहिलं, कोणी पत्रावळीकडे. मीही गप्प राहिलो, आणि माझं तर पोटच बोलण्यावर चालतं.

मी भोंगा बोलतोय. अकोटच्या गल्ल्यांतून फिरणाऱ्या भाजीच्या हातगाडीवरचा. जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. श्यामनं मला गाडीच्या दांडीला तारेनं बांधलं, तिथून पुढचं आठवतं.

माझ्या पोटात एकाच बोलण्याची जागा. लाल बटण दाबून नवं बोललं की जुनं पुसतं. श्याम रोज सकाळी भाजी लावून झाली की बोलायचा, “वांगे आजचे, सांबार आजचा. मेथी कालची हाय.” (कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. बाहेरच्यांनी इडली शोधू नये.) शेवटचं वाक्य तो जरा जास्तच जोरात बोलायचा. बाकीचे गाडीवाले हसायचे. “अबे, भाजी इकतं का गुन्हा कबूल करतं?”

दिवाळीनंतर तीन दिवसांच्या तापात श्याम गेला. गाडी धाकट्या नितेशकडे आली. सातवीत शाळा सोडलेला पोरगा, आधी करतो, मग विचार करतो. पण लाल बटणाला त्यानं हात लावला नाही. महिनाभर मी श्यामचं तेच शेवटचं बोलणं ओरडत फिरलो. गाडीवर मुळे आणि मी सांगतोय मेथी. बाया मलाच विचारायच्या, “काहो भोंगेबुवा, मेथी कुठं लपवली?”

मग मोबाइलच्या दुकानातला अंकुर म्हणाला, “एआयले आवाज शिकवतो. श्यामदादा पायजे ते बोलन.” त्यानं श्यामचे फोनवरचे जुने निरोप यंत्राला ऐकवले, त्या दिवशीच्या भाज्या सांगितल्या आणि एक मेमरी कार्ड माझ्या कुशीत खोचलं. कार्ड आत असलं की पोटातलं पुसत नाही, फक्त दबून राहतं.

“ताजी वांगी! ताजी कोथिंबीर! ताजी मेथी, थेट शेतातून!”

आवाज हुबेहूब श्यामचा, बोलणं मात्र पुण्याच्या दुकानातलं. त्या यंत्रानं हजारो विकणारे ऐकले असतील. त्यांत ‘कालची’ म्हणणारा एकही भेटला नसावा.

मेथी त्या दिवशी कालचीच होती, आणि नितेशला ते ठाऊक होतं. पण भावाच्या तोंडून नवं वाक्य ऐकून त्याचे डोळे भरून आले होते. भरल्या डोळ्यांनी मेथी कोण पाहतो? मीही ओरडलो. पोटात घालाल ते बाहेर काढायचं, एवढीच माझी अक्कल.

संध्याकाळी मैनाबाई घरी आली. अकरा वर्षांचं गिऱ्हाईक. हातातली जुडी वरून हिरवी, आतून पिवळी, चिकट. ती पार्बताबाईला, म्हणजे या पोरांच्या आईला म्हणाली, “म्या पायलीच नाई बाई. श्यामचा आवाज आला अन् डोये मिटून पिशवी पुढं केली.”

पार्बताबाईनं जुडी सोडली, पाहिली, मग लेकाकडे पाहिलं.

“नितेश, माहा श्याम मेल्यावर खोटं बोलाले शिकला का रे?”

नितेशनं कार्ड उपसलं आणि दातांनी मोडलं. विचार नंतर करतो, म्हटलं ना. कार्ड निघालं तसा माझ्या पोटातला खरा श्याम बोलू लागला, “वांगे आजचे, सांबार आजचा. मेथी कालची हाय.” त्याच्या मागून आईची हाक होती, “श्याम, च्या घे.” तिघांनी ते उभ्यानंच ऐकलं. मैनाबाईनं पदर तोंडाला लावला.

सकाळी गाडी लावून झाल्यावर नितेश लाल बटणावर बोट ठेवून उभा राहिला. पहिल्यांदाच त्यानं आधी विचारलं.

“आई, पुसू?”

ती भांडी घासत होती. “पुस. ते मेथी कवाचीच सरली.”

त्यानं बटण दाबलं. घसा खाकरला. “वांगे आजचे, सांबार आजचा,” तो बोलला, आणि मग जरा जास्तच जोरात, “मेथी कालची हाय. पाहून घ्या.”