फर्लोवर आलेला माणूस

मी फर्लो बोलतोय. दचकू नका. माझं नाव ऐकलं की लोक आधी आजूबाजूला बघतात, मग हसतात, नाहीतर गप्प होतात. मला त्याची सवय झाली आहे. मीही आता कुणी हाक मारली की आधी त्याच्या डोळ्यांकडे बघतो. हा मला कशाला बोलावतोय, याला कुठून सुटायचं आहे, हे मला कळायला हवं असतं.

मी इथला नाही. माझा जन्म समुद्रापलीकडे डच लोकांच्या मुलखात झाला. तिथे मला जरा वेगळ्या नावाने ओळखत. शिपायाला वरिष्ठाने दिलेली घरी जायची परवानगी, एवढाच माझा अर्थ होता. माझ्या मूळ घराण्यात 'विश्वास' या अर्थाचेही शब्द निघाले, म्हणजे परवानगी आणि विश्वास ही तिथे भावंडंच. हे मी आज सांगितलं तर कोणी खरं मानणार नाही.

इंग्रज शिपायांनी मला उचललं, आपल्या जिभेवर वळवलं आणि पलटणीबरोबर मुंबईला आणलं. गोरे साहेब माझ्या नावावर विलायतेला जात आणि महिनोन् महिने येत नसत. मग कोकणातली मुलं पलटणीत भरती झाली. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेतून मी घाट उतरलो. "फर्लोवर इलंय," असं मिशीला पीळ देत सांगणारा शिपाई मी पाहिला आहे. त्या काळी माझ्या येण्याने घरात कोंबडं कापलं जाई. माझ्या आयुष्यातले ते बरे दिवस.

पुढे मी कचेऱ्यांत शिरलो आणि तिथे माझी संगत बिघडली. हजेरीपटावर सही करायची, खुर्चीला रुमाल अडकवायचा आणि बाहेर पसार व्हायचं, याला लोक 'फर्लो मारणे' म्हणू लागले. ज्याला परवानगीशिवाय अर्थच नव्हता, तो मी परवानगी न घेता पळणाऱ्यांचा झालो. मला कोणी विचारलं नाही. शब्दाला विचारतंय कोण?

आणि मग मी तुरुंगात गेलो. कायद्याने मला आत ठेवून घेतलं. शिक्षा भोगणाऱ्या कैद्याला मधूनच काही दिवस घरी सोडतात, त्या रजेला माझं नाव आहे. कागदावर मला 'संचित रजा' असं सभ्य नाव दिलं आहे. पण कैदी, शिपाई आणि कैद्याची आई मला फर्लोच म्हणतात. आता माझे दोन्ही अर्थ एकाच माणसाच्या मागे लागतात. साहेब म्हणतो, रजा दिली आहे. गाव म्हणतं, पळायला आलाय.

प्लासिदबरोबर मी आलो तेव्हा असंच झालं.

तो कोल्हापूरच्या तुरुंगातून सुटून घाटातली एसटी धरून तळेऱ्याला उतरला आणि तिथून देवगडच्या गाडीत चढला. शेजारच्या बाईने विचारलं, "खंयसून येतास?" प्लासिदने खिडकीबाहेर बघत सांगितलं, "कामार होतंय." मला त्याने तोंडाबाहेर काढलं नाही. मी त्याच्या खिशातल्या घडी घातलेल्या कागदात गुपचूप बसून राहिलो.

त्याची वाडी देवगडच्या दक्षिणेला, समुद्राला लागून. काही वर्षांपूर्वी बाहेरच्या एका ट्रॉलरने त्याचं जाळं फाडलं होतं. बंदरावर भांडण झालं, प्लासिदच्या हातात वल्हं होतं आणि ट्रॉलरवरचा खलाशी पुन्हा उठला नाही. प्लासिद त्याच संध्याकाळी होडी घेऊन गोव्याकडे पळाला. तिथे सापडला, खटला झाला, शिक्षा झाली. वाडी त्याचा गुन्हा कदाचित विसरलीही असती. पण तो होडीने पळाला, हे कुणी विसरलं नव्हतं.

त्याची मोठी बहीण सेलेस्तीन त्याला जामीन राहिली होती. रजा संपायच्या आत भाऊ परत जाईल, असं तिने सही करून लिहून दिलं होतं. प्लासिदची बायको कधीच वारली होती. मुलगी डेलिशा आत्याकडेच वाढली आणि आता जामसंड्याला एका दुकानात कामाला जात होती. पुढच्या मे महिन्यात तिचं लग्न ठरलं होतं. चर्चमध्ये मुलीचा हात धरून बापाने तिला वेदीपर्यंत न्यायचं असतं. त्यासाठी प्लासिदला मे महिन्यात पुन्हा सुटी हवी होती. या खेपेला त्याच्या नावावर एक वाकडी ओळ जरी पडली असती, तरी मेमध्ये त्याला कोणी सोडलं नसतं.

हे सेलेस्तीनला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच ती त्याच्यावर डोळा ठेवून होती.

प्लासिदने पिशवीतले कपडे काढलेच नाहीत. पिशवी दाराशी तशीच टेकवून ठेवली.

"प्लासिद, ती पिशवी रिकामी कर रे," ती म्हणाली.

"ऱ्हवांदे गो. परत भरूची लागतली."

उत्तर साधं होतं, पण ती रात्रभर त्या पिशवीच्या सावलीकडे बघत पडली. सकाळी तो उठून किनाऱ्यावर जाई, ओढून ठेवलेल्या होडीला टेकून बसे आणि वारा बघे. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारी, "पाण्याक ओढ कशी आसा आता?" इतकी वर्षं समुद्र न पाहिलेला माणूस दुसरं काय विचारणार? पण सेलेस्तीनला त्यात वेगळंच ऐकू येई. खरं सांगतो, मलाही येई. मीही एव्हाना बिघडलो होतो.

गुरुदास हवालदार रोज मोटारसायकलवरून येई. अंगणातूनच हाक मारी, "काय प्लासिद, आसस मा?"

"आसंय मा. चाय घेतास?"

"घेतंय. पण तू दे. भैणीच्या हातचो चाय पिवन कंटाळलंय. आठवडोभर साखर घालूक इसरता."

सेलेस्तीन हसत नसे. भाऊ आत गेला की ती हवालदाराला हळूच विचारी, "हेच्यार नजर आसा मा तुमची?"

"बाय, नजर माजी आसा. पण जामीन तू आसस. माज्यापेक्षा तुकाच जास्त घोर, ह्या उलटा झाला."

वाडीत रापण लागे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. दोरीचं एक टोक वाळूवरच्या माणसांच्या हातात देऊन होडी समुद्रात जाते, अर्धगोल फिरत जाळं सोडते आणि दुसरं टोक घेऊन लांबवर किनाऱ्याला लागते. मग दोन्ही बाजूंनी सगळी वाडी ओढते. तिचा कायदा कुठल्या पुस्तकात नाही. ज्याने दोरीला हात लावला त्याला वाटा मिळतो. तो कोण, कुठला, हे विचारत नाहीत. आणि जाळं वाळूवर येण्याआधी ज्याने दोरी सोडली, त्याला वाटा नाही.

रापणीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या, भाई. सगळे त्याला भाईच म्हणत, खरं नाव कोणाला आठवतही नसेल. त्याने प्लासिदला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "दोरयेक हात लाव. वाटो गावतलो."

"हात लावांदे, पण होडयेत बसवू नको रे भाई," मागून कोणीतरी म्हणालं. "फर्लोवरचो गडी तो. मासे हय आणि होडी गोयात!"

सगळे हसले. प्लासिदही हसला. दोरी धरून ओढणाऱ्या बायकांत सेलेस्तीन होती. ती तेवढी हसली नाही.

रजा संपत आली होती. एका सकाळी किनाऱ्याजवळच पेडवे माशांचा थवा दिसला. पाणी काळंभोर दिसत होतं. भाईची धावपळ सुरू झाली. होडीवरचा चंदन आदल्या दिवशी खडकावर पडून खांदा दुखवून बसला होता. एक वल्हं रिकामं होतं. भाईने इकडेतिकडे बघितलं आणि ओरडला, "प्लासिद, चड!"

प्लासिद चढला.

सेलेस्तीन तेव्हा टोपली ठेवायला मागे गेली होती. परत आली, बायकांच्या रांगेत दोरी धरली आणि समोर बघितलं तर होडी लाटा ओलांडत होती. वल्ह्यावर तिचा भाऊ. भाईची हाक तिने ऐकली नव्हती. तिने फक्त त्याचे हात पाहिले. ते किती जोरात वल्हवत होते, तेवढंच पाहिलं.

रापणीच्या होडीतून कोणी पळू शकत नाही. होडीची दोरी किनाऱ्याला असते, ती फिरून परतच येते. हे त्या वाडीतल्या शेंबड्या पोराला ठाऊक. सेलेस्तीनचा तर जन्म त्या दोरीवर गेला. पण माणसाच्या मनात इतके दिवस एकच भीती फिरत असली की डोळ्यांना तेवढंच दिसतं.

"पळालो!" ती किंचाळली. "माजो भाव पळालो गो!"

तिने दोरी टाकली आणि वर सुरूच्या बनाकडे धावली, कारण मोबाईलला रेंज तिथेच होती. "सेलेस्तीन, अगो ऐक!" म्हणत शेजारची सुभद्राही दोरी सोडून तिच्या मागे चार पावलं गेली. तिला बघून बाकीच्या बायकांचेही हात सुटले. मी सेलेस्तीनच्या तोंडात होतो, म्हणून तिच्याबरोबर वर गेलो. खाली काय झालं ते आम्हा दोघांनाही दिसलं नाही.

"गुरुदास, फर्लोवरचो माजो भाव होडी घेवन पळालो," तिने मला धापा टाकत फोनमध्ये ओतलं. "माका पकडा हवा तर. पण तेका आडवा. डेलिशाचा लगीन आसा."

गुरुदास जवळच्याच वाडीत होता. मोटारसायकल झाडीतून येईपर्यंत ती तिथेच उभी राहिली. समुद्राकडे पाठ करून. तिला बघवत नव्हतं.

दोघं खाली आली तेव्हा दोन्ही बाजूंनी दोऱ्या ताणलेल्या होत्या आणि सगळी वाडी ओढत होती. बायकांच्या रांगेत पुढे, गुडघाभर पाण्यात, चिंब भिजलेला प्लासिद होता. दोरी त्याने खांद्यावरून घेतली होती आणि मान खाली घालून ओढत होता.

सुभद्रानेच सांगितलं. दोरीचं टोक वाळूवरून घसरत पाण्यात गेलं तेव्हा इथे सगळ्या जणी सेलेस्तीनच्या मागे बघत होत्या. होडीतून ते प्लासिदला दिसलं. त्याने वल्हं टाकून उडी मारली, पोहत येऊन टोक धरलं आणि बाहेर काढलं.

"आरदे पेडवे गेले," भाई तिरसटपणे म्हणाला. "पण जाळा ऱ्हवला. तो नसतो तर ताय गेला आसता."

गुरुदासने हेल्मेट काढलं. सगळे त्याच्याकडे बघू लागले. जामीन राहिलेल्या बाईनेच कैदी पळाल्याचं कळवलं होतं. त्याने ते वर कळवलं असतं, तर मे महिना संपलाच होता.

"बाय," गुरुदास म्हणाला, "तू फोन केलंस, मी इलंय. माणूस जाग्यार आसा. तेच्यापेक्षा जास्त लिवची माका सवय नाय."

जाळं आलं. भाईने वाळूवर माशांचे वाटे घातले. प्लासिदचा वाटा घातला. सेलेस्तीनचा नाही.

"तिकाय घाल रे भाई," सुभद्रा म्हणाली.

"नको," सेलेस्तीन म्हणाली. "मी दोरी सोडलंय."

सुभद्राने मग आपलाही वाटा घेतला नाही, बाकीच्या बायकांनीही. भाईने डोकं खाजवलं आणि ते मासे गुपचूप चर्चच्या पायरीवरल्या म्हाताऱ्यांना पाठवून दिले. प्लासिदने आपला वाटा घरी नेला. सेलेस्तीनने त्याचं तिखलं केलं. डेलिशा मधे बसून दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत राहिली. जेवताना प्लासिदने फक्त एकदा, "बरा झाला," एवढंच म्हटलं, तेही तिखल्याविषयी.

रजा संपायच्या आदल्या दिवशीच तो निघाला. सेलेस्तीन त्याच्याबरोबर तळेऱ्यापर्यंत आली. कोल्हापूरची गाडी यायची होती. दोघं बाकावर बसली.

"मे म्हयन्यात सही करूक मी येतंय," ती शेवटी म्हणाली.

"तू नको. भाई जामीन ऱ्हवता म्हणालो. मी इचारूक नाय, तेनाच सांगल्यान."

सेलेस्तीनचा चेहरा उतरला. "मी सख्खी भैण आसंय तुजी."

"म्हणानच. मी इल्यापासून तू येक रात झोपूक नाय. माका दिसता मा. पोरीच्या लग्नात तरी झोप."

"आणि भाई झोपतलो?"

"भाई? तेचा घोरणा आयकून मीच पळान जायन."

ती हसली आणि हसता हसता तिने पदराने तोंड झाकलं. गाडी आली. प्लासिद चढला, खिडकीशी बसला. ती गाडीच्या मागे चार पावलंही गेली नाही. उलट्या दिशेला तोंड करून देवगडच्या गाडीची पाटी वाचत उभी राहिली. तिच्यासाठी ते किती कठीण होतं, ते मलाच माहीत.

त्याच गाडीतून मीही परत गेलो. तुरुंगाच्या दारात शिपायाने त्याला विचारलं, "काय रे, एक दिवस आधीच?" तो नुसता हसला. शिपायाने संशयाने त्याच्याकडे पाहिलं. पळणाऱ्यावर संशय, परतणाऱ्यावरही संशय. माझ्या वाट्याला येणारी माणसं अशीच.

आता मी मे महिन्याच्या अर्जात पडून आहे. मंजूर होईन की नाही, ठाऊक नाही. इतकी वर्षं संशय सहन करून मीही संशयी झालो, हे कबूल आहे. प्लासिद होडीत चढला तेव्हा मीही सेलेस्तीनसारखंच ओरडलो होतो.

तुमच्याकडे कोणी माझ्या नावावर आलं, पलटणीतून, कचेरीतून, नाहीतर तुरुंगातून, तर त्याला चहा द्या. पाणी कसं आहे, वारा कुठला आहे, असं त्याने विचारलं, तर जे आहे ते सांगा. तो निघाला की दार लावून घ्या आणि झोपा.

मी निघतो. वळणापर्यंत बघत उभे राहू नका.